सूप, रोवळी, दुरडी: बांबूच्या वस्तू घरात टिकवायच्या तर

लग्नानंतरच्या पहिल्या गौरीला माझ्या ओवशाची, म्हणजे नव्या सुनेने गौरीला द्यायच्या वाणाची, पाच सुपं आली. हिरवट-पिवळी, ओल्या बांबूच्या वासाची. सण आटपल्यावर कोरी सुपं धुळीने खराब होऊ नयेत म्हणून मी ती एकात एक घातली, वर प्लास्टिकची पिशवी चढवली, तोंड सुतळीने घट्ट बांधलं आणि माळ्यावर टाकली. दिवाळीच्या साफसफाईला खाली काढली तर पिशवीच्या तळाशी मूठभर पीठ. मैद्यासारखं बारीक, पिवळसर. सुपं वरून धडधाकट दिसत होती, पण एकाला अंगठा टेकवला तर तो थेट पलीकडे निघाला.

सासूबाई म्हणाल्या, "अगं, सुपाला पिशवीत कोंडतात होय? ते टांगायचं असतं."

त्यांचं स्वतःचं सूप गावच्या स्वयंपाकघरात चुलीच्या बाजूला खुंटीवर असायचं. वीसेक वर्षांचं, धुराने तपकिरी-काळं झालेलं, काठ दोनदा बांधलेला. त्याची निगा अशी कुणी कधी राखली नव्हती. रोज हाताळलं जायचं, रोज झटकलं जायचं आणि सकाळ-संध्याकाळ चुलीचा धूर खायचं, एवढंच. आता फ्लॅटमध्ये चूल नाही, तांदूळ निवडलेलेच येतात आणि सूप वर्षातून दोनदा निघतं. चूल आणि रोजचा वापर जे आपसूक करत होते, ते आता आपल्याला ठरवून करावं लागतं. खाली लिहिलंय ते सगळं तेवढ्यासाठीच.

बांबू खराब होतो तो कशाने

बांबू हे झाड नव्हे, गवत. (कायद्याला हे मान्य व्हायला २०१७ उजाडलं. तोवर भारतीय वन अधिनियमात तो झाडांत मोडत होता.) सागाच्या गाभ्यात किडीला नकोशी द्रव्यं असतात, तशी बांबूत फारशी नसतात. उलट त्यात पिठूळ अंश, म्हणजे स्टार्च, भरपूर असतो. भुंगा येतो तो त्या स्टार्चसाठी. त्यामुळे कोवळ्या बांबूची टोपली आधी पोखरली जाते आणि तीनचार वर्षांच्या पक्क्या बांबूची टिकते.

दुसरा शत्रू ओल. इथे एक गैरसमज काढून टाकू या: बांबूला पाण्याचं वावडं नाही. रोवळीत रोज तांदूळ धुतले जायचे आणि ती वर्षानुवर्षं चालायची. बांबूला मारते ती आत अडकून राहिलेली ओल. भिजून लगेच वाळलेली टोपली ठीक असते, पण दोन दिवस दमट राहिलेली बुरा धरते.

घेताना काय बघायचं

सुपं-टोपल्यांची मोठी खरेदी आपण करतो ती वटपौर्णिमा ते गौरी-गणपती या काळात, म्हणजे नेमकी पावसात. तेव्हा बाजारात येणारा माल बहुधा ताज्या बांबूचा असतो. जाणते बुरूड, म्हणजे सुपं-टोपल्या विणणारे कारागीर, बांबू पावसाळा सरल्यावर तोडतात, तोही अंधाऱ्या पक्षात, आणि काही ठिकाणी तो वाहत्या पाण्यात काही आठवडे बुडवून ठेवतात. पाण्यात स्टार्च निघून जातो, हे त्यामागचं कारण. सणाच्या घाईत एवढा वेळ कुणाकडे असतो? म्हणून रोजच्या वापराची टोपली घ्यायची असेल तर दिवाळीनंतर घ्या. ओवशाला किंवा वाणाला लागतील ती अर्थातच तेव्हाच घ्यावी लागतात. त्यांना घरी आणल्यावर जास्त जपायचं.

दुकानात टोपली उचला आणि उजेडाकडे धरून विणीतून बघा. कामट्यांची, म्हणजे विणलेल्या बांबूच्या पट्ट्यांची, रुंदी सारखी आहे का, मध्ये फट आहे का ते कळतं. मग कामटीच्या दोन्ही बाजूंवरून बोट फिरवा. सालीकडची बाजू गुळगुळीत, चकचकीत आणि कठीण असते, गाभ्याकडची खरबरीत, मऊ आणि फिकी. ज्या टोपलीत सालीच्या कामट्या जास्त, ती दणकट. नुसत्या गाभ्याच्या कामट्यांची टोपली स्वस्त पडते आणि भुंगा आधी तिलाच लागतो. शेवटी टोपली उपडी करून पांढऱ्या कागदावर थापटा. पीठ पडलं तर कितीही सुबक असली तरी ठेवून द्या, कारण ती एकटी येत नाही, घरातल्या बाकीच्या टोपल्यांनाही लागण करते.

वास घ्या. ओल्या गवतासारखा वास म्हणजे बांबू अजून ओला आहे, एवढंच. कुबट वास मात्र नको.

घरी आणल्यावरचे आठ दिवस

हे आठ दिवस नीट गेले तर पुढचं अर्धं काम झालं.

आधी कुसं काढायची. नव्या टोपलीला आतून बारीक तंतू निघालेले असतात, ते बोटात जातात आणि दुरडी असेल तर पोळीला चिकटतात. गॅसच्या मध्यम आचेवरून टोपली भरभर फिरवा. क्षणभरही थांबायचं नाही. पापड भाजताना हात जसा चालतो तसा चालला पाहिजे. तंतू जळून जातात, कामटीला झळ लागत नाही. रंगवलेल्या, वॉर्निशच्या किंवा गवताच्या टोपलीवर हा प्रयोग चुकूनही करू नका, तिथे बारीक पॉलिश पेपर फिरवा.

मग उकळतं पाणी. टोपली मोरीत किंवा सिंकमध्ये उपडी ठेवून तिच्यावर किटलीभर कढत पाणी ओता, उलटून आतूनही ओता. कामट्या पातळ असल्याने उष्णता आतपर्यंत जाते, अंडी-अळ्या असतील तर मरतात आणि थोडा स्टार्चही धुऊन निघतो. पाणी पिवळट निघेल, घाबरू नका. हे फक्त साध्या, न रंगवलेल्या बांबूसाठी.

त्यानंतर वाळवणं. झटकून पाणी काढा आणि दोन विटांवर किंवा दोरीवर, खालून हवा जाईल अशी ठेवा. जमिनीवर उपडी ठेवलेली टोपली वरून वाळते आणि काठाशी ओलीच राहते. बांबूला सकाळचं दोनेक तास ऊन चांगलं, पण मे महिन्याच्या उन्हात दिवसभर टाकली तर कामट्या तडकतात. असं तीनचार दिवस करायचं. पावसाचे दिवस असतील तर पंख्याखाली, आणि मग आठ दिवस. टोपली हातात हलकी लागली आणि बोटाने टिचकी मारल्यावर बद्द आवाजाऐवजी टणक आवाज आला की ती वाळली.

रोजची झाडपूस

यात फार सांगण्यासारखं नाही. टोपली उपडी करून तळव्याने थापटा, रंगाच्या जुन्या ब्रशने विणीच्या दिशेने झाडा, महिन्यातून एकदा घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसा. ओलं फडकं घासून घाण विणीत ढकलण्यापेक्षा आधी कोरडं झाडणं महत्त्वाचं.

पोळ्यांच्या दुरडीबद्दल मात्र थोडं सांगते, कारण सर्वात जास्त हाल तिचे होतात. तव्यावरची वाफाळती पोळी थेट दुरडीत टाकली की वाफ कामट्यांत जिरते, तूप लागतं, वर आपण झाकण ठेवतो. रात्री उरलेल्या दोन पोळ्या तशाच आत. आठवड्याभरात तळाला काळे ठिपके. त्यापेक्षा आत सुती फडकं घाला, पोळीची वाफ जाऊ द्या आणि जेवणं झाली की दुरडी रिकामी करून उघडी ठेवा. फडकं रोज धुवायचं, दुरडी नाही.

तेलातुपाचा डाग पडला तर पाणी लावण्याआधी त्यावर तांदळाची पिठी किंवा बेसन भुरभुरवा, रात्रभर ठेवा, सकाळी झाडा. हळदीच्या डागाला काहीच करू नका, टोपली दोन दिवस उन्हात ठेवा. हळदीचा रंग उन्हाने आपोआप उडतो.

कांदे-बटाट्यांच्या टोपलीत तळाशी कागद घाला आणि तो दर आठवड्याला बदला. सडलेल्या एका बटाट्याचं पाणी बांबूत मुरलं की तो वास काही केल्या जात नाही, मी व्हिनेगरपासून उन्हापर्यंत सगळं करून पाहिलंय.

धुवायचीच झाली तर

कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचे दोनचार थेंब, मऊ ब्रश. पाच मिनिटांत काम उरकायचं. भिजत घालायची नाही. लगेच झटकून वाऱ्यावर.

बांबू आणि वेत हे चालवून घेतात. शिंदीच्या पानांच्या टोपल्या, गवताच्या परड्या आणि हल्ली दुकानांत दिसणाऱ्या जलपर्णीच्या टोपल्या घेत नाहीत. जलपर्णी तर हवेतलंच पाणी शोषते, मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात ती सगळ्यात आधी बुरसते. ती बाथरूममध्ये कपड्यांसाठी ठेवायची फॅशन कुणी काढली कोण जाणे. ताग आणि काथ्याच्या वस्तूंनाही कोरडंच झाडायचं.

बुरा आला तर

पांढरा किंवा हिरवट बुरा दिसला की टोपली बाल्कनीत किंवा गच्चीवर न्या, नाकाला रुमाल बांधा आणि कोरड्या ब्रशने झाडा. घरात झाडलात तर कण सगळीकडे जातील. मग पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन फडकं त्यात बुडवून पिळा आणि पुसा. रंगीत टोपली असेल तर आधी तळाला एका कोपऱ्यात लावून बघा. नंतर दोन दिवस ऊन-वारा. काळे डाग राहिले तर राहू द्या, बुरा मेला तरी डाग जात नाही. ब्लीचच्या फंदात पडू नका, डाग जातो पण कामटी ठिसूळ होते.

भुंगा: ओळख, उपाय आणि खात्री

बांबूचा भुंगा जेमतेम ३ मिलिमीटरचा, गडद तपकिरी असतो. तो स्वतः फार क्वचित दिसतो. दिसतात ती टाचणीच्या टोकाएवढी गोल भोकं आणि त्याखाली पिठाची ढिगुली. अळी कामटीच्या आत राहून पोखरते, वाढ पुरी झाली की भुंगा होऊन भोक पाडून बाहेर पडतो. म्हणजे भोक दिसलं तेव्हा एक पिढी निघूनही गेलेली असते. वरून फवारा मारून भागत नाही ते यामुळेच.

पहिल्यांदा रोगी टोपली वेगळी करा. मग तीनपैकी एक मार्ग.

लहान टोपली, परडी, रंगवलेली रुखवताची वस्तू असेल तर डीप फ्रीझर. जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून शक्य तितकी हवा काढा, तोंड चिकटपट्टीने बंद करा आणि उणे १८ अंशांवर दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही. पूर्ण दिवस तशीच खोलीत राहू दे. नाहीतर थंड बांबूवर हवेतलं पाणी सुटतं आणि भुंगा गेला तरी बुरा येतो. पिशवी वापरायला माझी हरकत नाही ती भुंगा मारायच्या कामीच.

फ्रीझरमध्ये न मावणाऱ्या साध्या सुपाला-टोपलीला वर सांगितलेलं कढत पाणीच, पण सढळ हाताने: दोन्ही बाजूंनी, दोनतीनदा, काठाच्या बांधणीत मुरेल असं. काठात दोन थर असतात आणि भुंग्याचं आवडतं घर तिथेच असतं.

तिसरा मार्ग उन्हाळ्याचा. टोपली काळ्या पिशवीत बंद करून गच्चीवर जुन्या गोधडीवर ठेवा, दुपारी बारा ते तीन, सलग तीनचार दिवस, मधून उलटून. आत ५५ अंशांच्या वर तापलं आणि तासभर टिकलं की अळ्या जगत नाहीत. तापमान कळायला किचन थर्मामीटर पिशवीत टाकता येतो.

अन्नाला न लागणाऱ्या टोपल्यांसाठी, म्हणजे कपडे, खेळणी, कुंड्या यांच्यासाठी आणखी एक पक्का उपाय आहे: टाकणखार आणि बोरिक ॲसिड. बांबू टिकवायला हेच मिश्रण वापरतात. एक लिटर गरम पाण्यात ३० ग्रॅम टाकणखार (बोरॅक्स) आणि २० ग्रॅम बोरिक पावडर विरघळवा, टोपली त्यात रात्रभर बुडवा किंवा ब्रशने तीनचार हात द्या, सावलीत वाळवा. हातमोजे घाला. ज्या टोपलीत पोळ्या, धान्य, फळं किंवा नैवेद्य ठेवता तिला हे लावायचं नाही. तान्ह्या मुलांच्या किंवा मांजराच्या चावण्यात येईल अशा टोपलीलाही नाही. आणि ही टोपली पुन्हा धुतली की औषधही धुऊन जातं, हे लक्षात ठेवा.

धुरीबद्दल विचारलं जातंच. करवंट्या आणि कडुलिंबाच्या पाल्याची धुरी द्या, खुशाल द्या, कुबट वास जातो आणि ओल हटते. पण पंधरा मिनिटांच्या धुरीने आतली अळी मरत नाही. चुलीवरच्या सुपाला वर्षानुवर्षं रोज धूर मिळत होता, त्याची बरोबरी एका धुरीने होणार नाही. रॉकेल चोळायचा जुना उपायही मी सुचवणार नाही, वास महिनोन्‌महिने राहतो आणि आगीची भीती वेगळी.

उपाय लागू पडला का हे कसं कळणार? दिसतील तेवढ्या भोकांभोवती पेन्सिलने बारीक गोल काढा. टोपली झटकून काळ्या कागदावर ठेवा आणि तीन आठवडे हलवू नका. नवं पीठ किंवा गोलाबाहेरचं भोक दिसलं तर पुन्हा पहिल्यापासून.

कागद आणि मेथीचं लिंपण

विरळ झालेल्या किंवा थोडी पोखरलेल्या टोपलीला दुसरं आयुष्य द्यायची ही आपल्याकडची जुनी रीत. पूर्वी घरोघर उन्हाळ्यात सुपं-टोपल्या लिंपायचा एक दिवस असे. पीठ, रवा, डाळी ठेवायला लिंपलेली टोपली फार छान, विणीतून काही गळत नाही. भुंगा असेल तर आधी मारून मगच लिंपा. नाहीतर तो आतल्या आत निवांत राहतो.

फूटभर व्यासाच्या टोपलीला मी पाव किलो कागद आणि अर्धी वाटी मेथ्या घेते. कागद जुन्या वह्यांचा, वर्तमानपत्राचा नको, कारण शाई. तुकडे करून दोन दिवस पाण्यात भिजवायचे, पाणी रोज बदलायचं. मेथ्या आदल्या रात्री भिजवून बारीक वाटायच्या. वाटताना त्या बुळबुळीत होतात, तो बुळबुळीतपणाच डिंकाचं काम करतो. कागद पिळून मिक्सरमध्ये फिरवा (पूर्वी उखळात कुटत), मेथी घालून कणकेसारखं मळा. चिंचोक्यांची खळ मिळाली तर पळीभर घाला, लिंपण तडकत नाही.

टोपली किंचित ओलसर करून घ्या. तळापासून सुरुवात करून लगदा अंगठ्याने विणीत दाबत वर या. जाडी भाकरीएवढी, त्याहून जास्त नको. आधी आतून लिंपा, दोन दिवस वाळवा, मग बाहेरून. एकदम दोन्हीकडून लिंपलं तर मधली ओल कोंडते आणि आठव्या दिवशी वास येतो. ओल्या तळव्याने शेवटचा हात फिरवून गुळगुळीत करा. पूर्ण वाळायला चारपाच कडक उन्हं लागतात, म्हणून हे काम एप्रिल-मेचं. जूनमध्ये आरंभलंत तर बुरशीची शेती होईल. लिंपलेल्या टोपलीला पुढे पाणी लावायचं नाही, कोरडंच पुसायचं.

काठ सुटला, कामटी मोडली

टोपली फाटते ती बहुधा काठाकडून, कारण भरलेली टोपली आपण एका हाताने काठ धरून उचलतो. दोन्ही हात तळाखाली घालायची सवय लावा.

काठाची बांधणी सैल दिसली की लगेच काथ्याची बारीक दोरी किंवा भिजवलेला वेताचा पट्टा घेऊन, दर दोन बोटांवर वेढा देत घट्ट करा. तार वापरू नका, गंजते आणि बांबू कापते. मधलीच कामटी मोडली असेल तर तेवढ्याच रुंदीची दुसरी कामटी तासभर पाण्यात भिजवा, टोपलीचा तेवढा भागही ओल्या फडक्याने मऊ करा आणि मोडक्या कामटीच्या अंगावरूनच, तिच्याच खालवर विणीने, मोडलेल्या जागेच्या दोन्हीकडे तीन-तीन घरं पुढे सरकवा. जुनी काढायची नाही. वाळली की नवी कामटी घट्ट बसते, डिंक लागत नाही.

वेताची टोपली वाकडी झाली तर गरम पाण्याने भिजवा, आत योग्य मापाचं पातेलं बसवा, बाहेरून सुतळीने बांधा आणि दोन दिवस तशीच ठेवा. आकार पकडते. वेत फार कोरडा पडून करकरत असेल तर अधूनमधून पाण्याचा हलका फवारा पुरतो. खोबरेल लावू नका, खवट होऊन चिकट होतं आणि धूळ बसते.

याहून मोठी मोडतोड असेल तर बुरुडाकडे न्या. पुण्यात बुरूड आळी आहे, तालुक्याच्या आठवडी बाजारातही कुणी ना कुणी बसलेला असतो. नव्या सुपाची घासाघीस करणारे आपण, जुन्याचा काठ बांधून घेताना तरी करू नये. ते कामही वेळखाऊच आहे.

पावसाळ्याआधी

मेच्या शेवटी सगळ्या टोपल्या एकदा काढा, थापटा, दोन उन्हं दाखवा. ठेवताना भिंतीला टेकवून नको, कोकणात आणि मुंबईत पावसाळी भिंत पाझरते. खिळा किंवा खुंटी, आणि मागे बोटभर हवा खेळायला जागा. जागेअभावी एकात एक घालावीच लागली तर मध्ये चुरगळलेला कागद घाला. कपाटात ठेवत असाल तर दर पंधरवड्याला दार उघडून तासभर पंखा. आणि पाऊस चालू असताना टोपल्या वापरात असू द्या: एकीत लसूण, एकीत किल्ल्या, सुपात निवडायची पालेभाजी.

माझ्या त्या पाच सुपांतली दोन उकळत्या पाण्याने वाचली. एकावर लिंपण आहे, त्यात मी कुरडया ठेवते. दुसरं स्वयंपाकघराच्या खिडकीजवळ टांगलंय, फोडणीचा धूर त्याच बाजूने बाहेर जातो. काठाचा रंग आता जरा गडद व्हायला लागलाय.